तारेचं जाकीट

"आता सांगा महाराज, कुठं राहिली ती थंडी?"

प्रश्न विचारताना भूषण टोंपेनं डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. नुसती काच वर सारली होती.

कवडूमहाराज ओसरीवर घोंगडी पांघरून बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कोनची थंडी बाप्पा?"

"कोणची काय विचारता? ही! चहूकडं पसरलेली!"

भूषण खळखळून हसला. हेल्मेट काढून त्यानं कठड्यावर ठेवलं. त्याच्या गळ्याशी चक्क घामाची ओल होती.

पौष महिना होता. चिखलदऱ्याच्या पुढं डोंगरमाथ्यावर महाराजांचा मठ. सकाळपासून बारीक पाऊस लागलेला, आणि वारा असा की झाडावरची वानरंदेखील एकमेकांना बिलगून गप्प बसलेली. अशा दिवशी शहाणा माणूस घराचं दार उघडत नाही. भूषण अमरावतीहून मोटरसायकलवर आला होता.

आला होता म्हणण्यापेक्षा, दाखवायला आला होता.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी याच दिवसांत तो दर्शनाला आला, तेव्हा पार काकडून गेला होता. बोटांत कप धरवेना. शेवटी मठातल्या गिरजाबाईनं बशीत ओतून त्याला चहा पाजला. एवढा मोठा बाप्या माणूस, आणि बशीनं चहा! त्यानं महाराजांना विचारलं होतं, "या थंडीवर काही उपाय सांगा ना." महाराज नुसते हसले होते.

हसणं काही वाईट नव्हतं. पण भूषणचा स्वभावच असा, की कुणी हसलं की त्याला त्यात आपली टर उडवलेली दिसायची. ते हसू त्यानं अमरावतीपर्यंत डोक्यात नेलं, आणि वर्षभर तिथंच ठेवलं.

त्याचं मोटारी गुंडाळायचं दुकान होतं. पाण्याच्या मोटारी, पंखे, मिक्सर. तारेशी त्याची जन्माची ओळख. त्यानं गरम होणारी बारीक तार मिळवली, जाकिटाच्या आतून छातीवर, पाठीवर, बाह्यांत नागमोडी फिरवली आणि तिचं टोक गाडीच्या बॅटरीला जोडायची सोय केली. पहिली दोन जाकिटं जळली. तिसरं जमलं. शिवण प्रणितानं मारली, त्याच्या बायकोनं, घरच्या मशीनवर. भूषणला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ही गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे.

"हात लावून पाहा महाराज."

त्यानं छाती पुढं केली. जाकिटाखालून वायर शेपटीसारखी लोंबत होती.

महाराजांनी तळवा जाकिटावर टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"हे तं गार हाय."

भूषण याच वाक्याची वाट पाहत होता.

"तीच तर खरी करामत आहे! तारेच्या बाहेरून चकाकी कागदाचा थर दिला आहे. ऊब आतल्या आत फिरते. आत नुसती शेगडी पेटली आहे, पण बाहेर उभ्या माणसाला पत्ताही लागणार नाही. तीळभर ऊब बाहेर जात नाही."

"तीळभर बी नाई?"

"तीळभरही नाही महाराज."

महाराजांनी हात काढून घेतला आणि घोंगडीत घातला.

"बरं हाय..."

भूषण जरा हिरमुसला. वर्षभर खपून 'बरं हाय'? त्याला वाटलं होतं महाराज उठतील, जाकीट फिरवून फिरवून बघतील, निदान गेल्या वर्षीच्या हसण्याबद्दल दोन शब्द बोलतील. पण महाराज त्याच्याकडं बघतच नव्हते. ते फाटकाकडं बघत होते. तिकडं धुकं होतं आणि धुक्यात आंब्याचं झाड पुसट दिसत होतं.

"एकटाच आला?"

"नाही हो, प्रणिता आहे. गाडीपाशी असेल. येतेच आहे."

"अजून येऊनच राह्यली?"

"बायकांचं तुम्हाला माहीतच आहे. उतरल्यावर केस नीट करतील, पदर नीट करतील... देवाच्या दारी यायचं म्हणजे."

महाराजांना बायकांचं काय माहीत असणार, हे बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तो ओशाळून हसला.

"तिले बी असंच जाकीट?"

"नाही. गाडी एकाच जाकिटाचा भार उचलते. दुसरं लावलं की बॅटरी बसते. करून पाहिलं मी." मग त्याला उत्तर अपुरं वाटलं असावं. "आणि तिला लागतं कशाला? पुढं मी. सगळा वारा माझ्या छातीवर. ती माझ्या आडोशाला. माझ्या पाठीमागं बसणाऱ्याला काय धाड भरली आहे?"

"पावसाचं काई घातलं हाय तिनं?"

"प्लास्टिकचा कोट आहे की. आत स्वेटर."

"खाऊन निंगाली?"

"आज तिचा संकष्टीचा उपास. पण परतवाड्याला चहा पाजला मी. विचारलंही, बरी आहेस ना? म्हणाली, हो." भूषणनं आवाज खाली आणला, जसा एखादं गुपित सांगताना आणतात. "महाराज, खरी गंमत पुढंच आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या कामाचं कौतुक म्हणून या बाईच्या तोंडून शब्द निघाला नाही. आणि आज, भर घटांगच्या घाटात, तिनं माझ्या पाठीवर थाप मारली! एकदा नाही, दोनदा!"

महाराज उठून उभे राहिले.

"बोलाव तिले."

"येईल हो. तुम्ही बसा ना."

"बोलाव."

भूषणनं मागं वळून हाक मारली. "प्रणिताऽऽ! अगं ये ना, महाराज वाट बघताहेत!"

उत्तर आलं नाही. वाऱ्यानं धुकं जरा फाटलं आणि गाडी दिसली. प्रणिता गाडीपाशीच होती. उतरून उभी होती. तिनं अंगातला प्लास्टिकचा कोट काढला आणि खाली चिखलात टाकून दिला. मग गळ्यातला मफलर ओढून काढला. तोही खाली टाकला. मग ती स्वेटरची बटणं काढायला लागली. बटणं सुटत नव्हती, तर तिनं स्वेटर दोन्ही हातांनी ओढायला घेतला.

वरून पाऊस पडत होता.

भूषणचा चेहरा उजळला.

"बघा! बघा महाराज! तिलासुद्धा उकडतंय! माझ्या पाठीची ऊब तिच्यापर्यंत पोचली! एवढ्या पावसात बाई स्वेटर काढतेय, आणखी काय पुरावा पाहिजे?"

आणि त्यानं टाळी वाजवली.

तीळभर ऊब बाहेर जात नाही, असं आत्ता आत्ता सांगणारा माणूस हाच. आपलीच एक बढाई दुसरीला खोटं पाडते आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

महाराजांच्या अंगावरची घोंगडी खाली पडली. ते पळत सुटले.

भूषण बघतच राहिला. महाराजांना पळताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस अनवाणी, चिखलातून, धोतर सावरायचं भान न ठेवता पळत होता आणि ओरडत होता.

"गिरजे! ओ गिरजे! आंथरून टाक! कोरडं आंथरून!"

भूषण मागून धावला खरा, पण का ते त्याला कळलं नव्हतं. तोंडावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं. ते पुसायला सुचायलाही वेळ लागतो.

तो जवळ पोचला तेव्हा महाराजांनी प्रणिताचे दोन्ही हात धरले होते, आणि ती ते सोडवून घेत होती.

"मले गरम होऊन राह्यलं," ती म्हणाली. "आंग भाजून राह्यलं माह्यं. काढू द्या न."

भूषण चपापला. ही प्रणिताची बोली नव्हती. म्हणजे होती, पण माहेरची, लहानपणची. अमरावतीत आल्यापासून ती असं बोलत नसे. शब्दही जड जिभेनं, अर्धे खाऊन येत होते. तिचे ओठ जांभळासारखे दिसत होते. तिनं भूषणकडं पाहिलं, आणि तिची नजर त्याच्यातून आरपार मागं गेली.

मग तिनं महाराजांकडं पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "पंखा लावा न."

तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

भूषणनं तिचं मनगट धरलं. सकाळी अमरावतीहून निघाल्यापासून त्यानं तिला हात लावला, तो हा पहिला. मनगट नदीतून काढलेल्या दगडासारखं गार होतं. हात त्यानं झटक्यात मागं घेतला, आणि मागं घेतला याची त्याला त्याच क्षणी भीती वाटली.

"पण... पण ती तर म्हणते गरम होतंय..."

"उचल तिले. आडवी. हळू उचल, मडकं उचलल्यावानी."

"महाराज, तिला उकडतंय म्हणते ती!"

"माह्या सोबत्याले बी उकडत होतं." महाराज प्रणिताच्या अंगावर आपलं उपरणं टाकत होते. "केदाराच्या वर. बर्फात. आंगावरचं सारं काढून फेकलं त्यानं. लय गरम होते, म्हने."

"मग?"

"मंग काई नाई. तिथंच राह्यला थो."



त्यांनी तिला उचलून आत नेलं. भूषण तिला धुनीकडं न्यायला लागला. धुनी चांगली धडधडून पेटली होती. कुणालाही हेच सुचलं असतं. महाराज दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले.

"तिथं नाई."

"अहो, गारठली आहे ती!"

"म्हनूनच नाई. एकदम नाई. सारं हळू... कोपऱ्यातल्या खोलीत ने."

गिरजाबाईनं आतल्या खोलीत गोधड्या पसरल्या होत्या. बाई साठीच्या पुढची, अंगानं भरलेली, बोलायला फटकळ. प्रणिताला पाहताच तिचं बोलणं बंद झालं. तिनं दार लोटून घेतलं, ओले कपडे उतरवले, कोरड्या गोधडीत गुंडाळलं आणि स्वतः तिच्याशेजारी आडवी होऊन तिला कुशीत घेतलं. भूषण दाराशी उभा. तो आत आला आणि प्रणिताचे तळवे चोळायला वाकला.

"घासू नका!" गिरजाबाई ओरडली. "महाराजांनं सांगितलं न, घासाचं नाई! सरका तिकडं!"

तो सरकला. काय करावं त्याला कळेना. सगळ्या खोलीत तोच एक उबदार माणूस होता, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

महाराज बाहेरून आले. मठातल्या एका सेवेकऱ्याला त्यांनी डॉक्टरकडं पिटाळलं होतं. डोंगरावर फोन लागत नव्हता, पायी उतरूनच जायला हवं होतं.

"भूषण. तुहं हे जाकीट गाडीबिगर चालते का?"

त्याला प्रश्न कळायला क्षणभर लागला.

"बॅटरी... बॅटरी काढून आणली तर चालेल. काही वेळ चालेल."

"मंग आन."

त्यानं जाकीट उतरवलं. अंगात नुसता शर्ट राहिला. तो फाटकाकडं पळाला. पावसाचा पहिला शिडकावा छातीवर बसला तेव्हा त्याचा श्वासच अडकला. इतकं गार? आपण येताना इतकं गार होतं?

इतकं गार होतं, आणि ती मागं बसली होती.

त्यानं सीट उघडली. रोज दहा मोटारी डोळे मिटून खोलणारा माणूस, पण पाना बोटांतून निसटत होता. एकदा चिखलात पडला. तो चाचपडत शोधला. स्क्रू उलटा फिरवतोय की सुलटा, ते कळेना. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. पाठ. तो सारखा त्या पाठीचाच विचार करत होता.

बॅटरी छातीशी धरून तो परत आला. तारा जोडल्या. जाकीट आतून गरम व्हायला लागलं, तसं गिरजाबाईनं ते गोधडीवरून प्रणिताच्या छातीपोटावर, तारेची बाजू आत करून पांघरलं.

"बारीक ठेव," महाराज म्हणाले. "लय बारीक."

भूषणनं बटण अगदी कमीवर आणलं. मग न राहवून त्यानं प्रणिताच्या गालाला हात लावला.

गिरजाबाईनं तो हात तिथल्या तिथं उडवला.

"तुमचे हात बरफ झाले भाऊ! लागू नका तिले. बाहेर बसा!"

तो बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसला. ओला शर्ट अंगाला चिकटला होता. महाराज त्याच्या शेजारी येऊन बसले.

आतून आवाज येत नव्हता...

भूषणच्या मनात नको नको ते यायला लागलं. सासूबाईंना काय सांगायचं? काय सांगायचं, की तुमची मुलगी माझ्या पाठीमागं बसून गारठत होती आणि मी महाराजांना थंडीवर केलेला विजय दाखवायला निघालो होतो? आणि मी टाळी वाजवली? ती स्वेटर फाडत होती आणि मी टाळी वाजवली?

त्यानं तळव्यांकडं पाहिलं. मग ते मांड्यांखाली दाबून धरले.

"महाराज, ती वाचेल ना?"

महाराज फाटकाकडं बघत होते.

"महाराज..."

"मले नाई मालूम."

भूषण हादरला. महाराजांच्या तोंडून हे शब्द त्यानं कधी ऐकले नव्हते. लोक इतक्या लांबून येतात ते याच माणसाला सगळं मालूम असतं म्हणून. आणि आजच्या दिवशी, आत्ता, या घडीला त्याला मालूम नाही?

बराच वेळ गेला. पावसाचा जोर कमी झाला, वारा मात्र तसाच होता.

एकाएकी आतून गिरजाबाईचा ओरडा आला.

"महाराज! कापाले लागली! लय कापून राह्यली पोरगी!"

भूषण ताडकन उठला. संपलं, त्याला वाटलं.

पण महाराजांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कापते का? चांगली कापते?"

"दात वाजून राह्यले तिचे! मले धरवत नाई!"

"कापू दे माय! कापू दे! आंग जागं झालं तिचं! आता काई भेव नाई!"

भूषण वेड्यासारखा बघत राहिला. बाई उकडतंय म्हणाली तेव्हा महाराज जिवाच्या आकांतानं पळाले, आणि बाई थडथड कापायला लागली तेव्हा देवाला हात जोडतात. त्याला वाटलं आपल्याला आजवर जे जे कळलं, ते सगळं उलटं कळलं.

डॉक्टर आला तेव्हा प्रणिता गूळ घातलेलं कोमट पाणी घोट घोट पीत होती. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्यानं नाडी पाहिली, डोळे पाहिले, ताप मोजायची नळी लावली.

"शेकोटीजवळ नेलं नाहीत ते फार बरं केलंत," तो म्हणाला. "आणि तासभर उशीर झाला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता. आजची रात्र दवाखान्यात ठेवू."

हे तो इतक्या सहज म्हणाला, की भूषणला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा त्यानं भिंत धरली.

डॉक्टर गाडी मठापर्यंत आणायला गेला. गिरजाबाई चुलीकडं गेली. भूषण पहिल्यांदा खोलीत येऊन बसला, हात न लावता, जरा लांबच. प्रणिताच्या अंगावर ते जाकीट होतं. तिची बोलीही परत अमरावतीची झाली होती.

"किती वेळ झाला?" तिनं विचारलं.

"झाला बराच... प्रणिता, परतवाड्याला बोलली का नाहीस?"

"तिथं इतकं नव्हतं." ती थांबली. बोलताना तिला अजून दम लागत होता. "आणि तुम्ही इतके खूश होते. म्हटलं, जाऊ दे. पोचू आता."

"मग घाटात तरी..."

"घाटात सांगितलं की."

"कधी?"

"ओरडले. तुमच्या डोक्यात हेल्मेट. मग पाठीवर थापा मारल्या. थांबा म्हणून. दोनदा मारल्या. मग हातच उचलेना."

भूषणचा हात आपसूक मागं, पाठीकडं गेला.

"तुम्हाला लागल्या नाहीत का?"

"लागल्या."

"मग?"

खोटं बोलायची सोय होती. जाकीट जाड आहे, कळलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तीही मान हलवून गप्प बसली असती.

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"...शाबासकी."

प्रणिता त्याच्याकडं कितीतरी वेळ बघत राहिली. रागानं नाही. रागाला लागतं तेवढंही बळ तिच्यात नव्हतं. मग तिनं डोळे मिटले.

"तुम्हाला तेच वाटणार," ती म्हणाली.

तो उठून बाहेर आला. आत बसवेना.

महाराज पायरीवरच होते. मघाची घोंगडी कुणीतरी झटकून आणून दिली होती. ती घडी घालून त्यांच्या मांडीवर होती. भूषण त्यांच्या पायांशी, खालच्या पायरीवर बसला. त्याच्या अंगात अजून तोच ओला शर्ट होता.

"महाराज, ते जाकीट जाळून टाकतो मी."

"कायले? त्यानं तं तिले वाचवलं."

"मग मला काहीतरी शिक्षा सांगा. उपास सांगा, मौन सांगा. सांगाल ते करतो."

महाराजांनी मांडीवरच्या घोंगडीची घडी सारखी केली.

"ती माझ्यापासून वीतभरसुद्धा लांब नव्हती. तिचे गुडघे माझ्या कमरेला लागत होते. इतक्या जवळ माणूस मरायला टेकतं आणि मला... मला कळलं कसं नाही महाराज?"



भूषण रडायला लागला. लहान पोरासारखा, नाक ओढत, लाज न धरता. रडता रडता त्याला जाणवलं की आपली हनुवटी थडथडते आहे. मग खांदे. मग सगळं अंगच हलायला लागलं. त्यानं हात काखांत घातले, गुडघे पोटाशी घेतले, तरी थांबेना. दातांवर दात आपटत होते. गेल्या वर्षीही तो इतका कापला नव्हता.

त्यानं महाराजांच्या मांडीवरच्या घोंगडीकडं पाहिलं. हात पुढं केला.

"महाराज... थंडी वाजतेय हो..."

महाराजांनी घोंगडीवर आपला तळवा ठेवला. ती दिली नाही.

"वाजू दे," ते म्हणाले. "वाजली म्हंजेच आयकू येते."